अल्कोहोले : संज्ञा आणि मांडणी यांची चिकित्सा

कार्बनी रसायनशास्त्राच्या अध्यापनात अल्कोहोलांच्या प्रकरणाला विशेष महत्त्व आहे. ऑक्सिजनयुक्त संयुगांशी विद्यार्थ्याचा पहिला पद्धतशीर परिचय याच प्रकरणात होतो, आणि पुढे येणाऱ्या आल्डिहाइडे, कीटोने, अम्ले व एस्टरे या वर्गांचे आकलन बव्हंशी या परिचयावर अवलंबून असते. साहजिकच या प्रकरणात शिरलेला दोष या प्रकरणापुरता राहत नाही. मराठीतून होणाऱ्या या विषयाच्या विवेचनात असे दोन दोष दिसतात. पहिला संज्ञेचा आहे. 'मद्यार्क' हा शब्द एका विशिष्ट संयुगासाठी आणि त्या संयुगाच्या संपूर्ण वर्गासाठी असा दुहेरी योजला जातो. दुसरा मांडणीचा आहे. अल्कोहोलांची 'निर्मिती' आणि अल्कोहोलांच्या 'विक्रिया' अशा दोन स्वतंत्र याद्या करून त्या पाठ करविल्या जातात.

वरवर पाहता हे दोन दोष परस्परांहून अगदी भिन्न आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. अल्कोहोल हा एक अंतिम पदार्थ आहे, तो कशापासून तरी काढावयाचा आणि काढून झाला की वापरावयाचा, अशी ती समजूत होय. वस्तुत: अल्कोहोल ही हायड्रोकार्बन व कार्बनी अम्ल यांच्या दरम्यानची एक पायरी आहे. तेथे खालून चढून जाता येते, तसेच वरून उतरूनही येता येते. हा मुद्दा नीट पटला तर संज्ञेचा प्रश्न आणि मांडणीचा प्रश्न हे दोन्ही एकदमच सुटू लागतात.

या पायरीचे प्रत्यक्ष दर्शन घेण्यास प्रयोगशाळेतच जावे लागते असे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, देवगड, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात, माडाच्या न उमललेल्या पोयीला छेद देऊन रस काढण्याचा व्यवसाय भंडारी समाजाने परंपरेने केला आहे. हा ताजा रस, म्हणजे नीरा, गोड असतो. त्यात मुख्यत्वे सुक्रोज ही शर्करा असून तिचे प्रमाण सुमारे १५ टक्के असते. मडक्याला आतून चुना लावला असेल तर रस काही काळ गोड राहतो, कारण अल्कधर्मी माध्यमात सूक्ष्मजंतूंची वाढ रोखली जाते. चुना नसेल तर हवेतून व मडक्यातून आलेल्या यीस्टमुळे झाडावरच किण्वन सुरू होते आणि नीरेची माडी होते. ही माडी तशीच उघडी राहिली, तर ती आंबट होत जाते व अखेर तिचा शिरका बनतो. नीरा, माडी आणि शिरका ही तीन नावे किनाऱ्यावरील माणसाला पाठ असतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न असा की, या तीन नावांच्या दरम्यान कार्बन अणूंचे नेमके काय होते?

पहिल्या टप्प्याचा हिशेब सोपा आहे. सुक्रोजच्या एका रेणूचे जलीय विच्छेदन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचा एकेक रेणू मिळतो, आणि त्या दोहोंपासून एथिल अल्कोहोलाचे चार व कार्बन डाय-ऑक्साइडाचे चार रेणू तयार होतात. म्हणजे ३४२ ग्रॅम सुक्रोजपासून जास्तीत जास्त १८४ ग्रॅम एथिल अल्कोहोल. १५ टक्के शर्करा असलेल्या शंभर ग्रॅम नीरेतून सिद्धांतत: सुमारे ८ ग्रॅम अल्कोहोल मिळावे. प्रत्यक्षात माडीत ते याहून कमीच आढळते, कारण यीस्टच्या वाढीसाठी काही शर्करा खर्च होते आणि तयार झालेल्या अल्कोहोलाचा काही भाग लगोलग पुढच्या पायरीकडे जाऊ लागतो.

हिशेबापेक्षा मार्ग अधिक उद्बोधक आहे. यीस्टच्या पेशीत ग्लुकोजपासून पायरुव्हिक अम्ल बनते. त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेल्यावर ॲसिटाल्डिहाइड उरते. आणि या ॲसिटाल्डिहाइडाचे क्षपण होऊन एथिल अल्कोहोल तयार होते. शेवटचा टप्पा घडवून आणणाऱ्या एंझाइमाचे नाव 'अल्कोहोल डीहायड्रोजनेज' असे आहे, म्हणजे 'अल्कोहोलातून हायड्रोजन काढून घेणारे'. येथे ते एंझाइम हायड्रोजन देण्याचे काम करीत आहे. पण त्याला नाव मात्र उलट दिशेवरून मिळाले आहे! या विसंगतीतच आपल्या मुद्द्याचे सार आहे. एंझाइमाला दिशा नसते. दिशा परिस्थिती ठरविते. पुढे माडी हवेत उघडी राहिली की ॲसिटोबॅक्टर वंशाचे जीवाणू त्याच अल्कोहोलाचे ऑक्सिडीकरण करतात. अल्कोहोलापासून पुन्हा ॲसिटाल्डिहाइड, आणि त्यापासून ॲसिटिक अम्ल, असा तो क्रम आहे. एकाच मडक्यात ॲसिटाल्डिहाइडाची पायरी दोनदा ओलांडली जाते, एकदा उतरताना व एकदा चढताना. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलावयाचे तर पहिली विक्रिया 'निर्मितीच्या पद्धती' या शीर्षकाखाली येते व दुसरी 'रासायनिक गुणधर्म' या शीर्षकाखाली. दोहोंमध्ये चार-पाच पृष्ठांचे अंतर असते, आणि त्या दोहोंचा परस्परसंबंध सांगणारे वाक्य बहुधा कोठेच नसते.

आता संज्ञेकडे वळू. 'मद्यार्क' हा शब्द मद्य आणि अर्क या दोन पदांचा मिळून झाला आहे. त्याचा कैवार घेणारे तो देशी म्हणून घेतात. परंतु त्यातील ऊर्ध्वपातित सत्त्व या अर्थाचा 'अर्क' हा मूळ अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ घाम असा आहे. उलट, परका म्हणून बाजूस सारला जाणारा 'अल्कोहोल' हा शब्दही अरबीच आहे. 'अल्-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालावयाचा बारीक सुरमा. त्यावरून कोणत्याही पदार्थाचे अतिसूक्ष्म चूर्ण, त्यावरून कोणत्याही पदार्थाचे शुद्ध सत्त्व, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससच्या लेखनात द्राक्षमद्याचे सत्त्व, असा त्याचा प्रवास झाला. तेव्हा देशी-परकी या निकषावर दोन्ही शब्द सारखेच ठरतात. निवड करावयाची ती अर्थाच्या निकषावर केली पाहिजे.

अर्थाच्या निकषावर 'मद्यार्क' हा शब्द वर्गवाचक म्हणून टिकत नाही. मेंथॉल, ग्लिसरॉल, कोलेस्टेरॉल ही सर्व रसायनशास्त्राच्या व्याख्येने अल्कोहोले आहेत. त्यांपैकी कोणाचाही मद्याशी संबंध नाही. मालवणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मोरीच्या यकृताच्या तेलात अ-जीवनसत्त्व असते, तेही रेटिनॉल नावाचे अल्कोहोलच आहे. त्याला मद्यार्क म्हणणे हास्यास्पद होईल. शिवाय व्याकरणाची एक अडचण आहे. 'अर्क' हा अकारान्त पुल्लिंगी शब्द असल्यामुळे त्याचे अनेकवचन एकवचनासारखेच राहते. 'मद्यार्क' हा शब्द वाचून एक पदार्थ अभिप्रेत आहे की अनेक, हे कळावयास मार्ग राहत नाही. मराठी विश्वकोशाने या वर्गाच्या नोंदीस 'अल्कोहॉले' असे अनेकवचनी शीर्षक दिले आहे. ही योजना केवळ लेखनाच्या सोयीची नसून तीत शास्त्रीय विवेक आहे, कारण नपुंसकलिंगी अनेकवचनाने वाचकास प्रथमदर्शनीच सांगितले जाते की, येथे एका पदार्थाचा नव्हे, एका कुळाचा विचार चालला आहे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल. परंतु तसे नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दारूत मिथिल अल्कोहोल होते. मिथिल अल्कोहोल रंगाने, वासाने व चवीने एथिल अल्कोहोलाहून सहजी ओळखू येत नाही, आणि नावानेही ओळखू येऊ नये अशी व्यवस्था आपण भाषेत करून ठेवली आहे. ज्याला 'काष्ठ-मद्यार्क' म्हणावयाचे तो मद्यार्काचाच एक हलका प्रकार असावा, असा समज त्या नावाने दृढ होतो. त्या दुर्घटनेला शब्द कारणीभूत झाला असे येथे सुचवावयाचे नाही. लोभ, दारिद्र्य व ढिसाळ नियंत्रण यांची कारणे वेगळी आहेत. परंतु विज्ञानाच्या पदवीधरास, शिक्षकास, वार्ताहरास ही घटना समजावून सांगताना जो शब्द वापरावा लागतो, तो मदत करतो की अडथळा, हे पाहणे आपले काम आहे.

त्या मृत्यूंमागील रसायनशास्त्र माडीच्या मडक्यात घडते तेच आहे. मानवी यकृतात अल्कोहोल डीहायड्रोजनेज असते. ते एथिल अल्कोहोलाचे ॲसिटाल्डिहाइड करते, आणि दुसरे एंझाइम त्याचे ॲसिटिक अम्ल करते. हे अम्ल शरीर सहज जाळून टाकते. तेच एंझाइम मिथिल अल्कोहोलाचे फॉर्माल्डिहाइड करते, त्याचे फॉर्मिक अम्ल बनते, आणि हे अम्ल पेशींच्या श्वसनास अडथळा आणते. नेत्रमज्जातंतूवर त्याचा आघात विशेष होतो. म्हणूनच वाचलेल्या रुग्णांत अंधत्व आढळते. विक्रिया एकच, एंझाइम एकच; फक्त एका कार्बन अणूचा फरक, आणि परिणाम जीवन-मरणाचा. उपचारही याच विक्रियेच्या ज्ञानावर आधारलेला आहे. रुग्णालयात अशा रुग्णास फोमेपिझोल हे औषध किंवा ते नसल्यास नियंत्रित मात्रेत एथिल अल्कोहोल दिले जाते. एंझाइमाची एथिल अल्कोहोलाशी आसक्ती अधिक असल्यामुळे ते त्यात गुंतून राहते व मिथिल अल्कोहोल न बदलता शरीराबाहेर टाकले जाण्यास अवधी मिळतो. 'मद्यार्काच्या विषबाधेवर मद्यार्क' असे लिहिले तर हे वाक्य निरर्थक किंवा धोकादायक ठरते. दोन भिन्न अल्कोहोले आणि त्यांची एका एंझाइमासाठी स्पर्धा असे लिहिले तर ते शास्त्र ठरते.

संज्ञेच्या सीमेचा प्रश्न न्यायालयांपुढेही वारंवार आला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने 'मद्य' या शब्दाच्या व्याख्येत अल्कोहोल असलेले सर्व द्रव समाविष्ट केले होते. बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये अधिनियमाचा बहुतांश भाग वैध ठरविला. परंतु अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने जवळ बाळगण्यावरील व वापरण्यावरील निर्बंध मात्र रद्द केले. पुढे २३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, राज्यसूचीतील 'मादक मद्य' या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलाचाही समावेश होतो असा निर्णय दिला आणि १९९० चा विरुद्ध निर्णय बाजूस सारला. गैरवापर रोखण्यासाठी कायद्याने व्याख्या विस्तृत ठेवणे समजण्याजोगे आहे. कायद्यास नियंत्रणासाठी भेद पुसावे लागतात, शास्त्रास आकलनासाठी ते दाखवावे लागतात. कायद्याचा शब्द शास्त्रात जसाच्या तसा आणला की दोहोंचे नुकसान होते.

आता मांडणीचा विचार करू. निर्मिती व विक्रिया या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर बहुतेक नोंदी जोडीने येतात. एथिलिनाचा फॉस्फोरिक अम्ल या उत्प्रेरकाच्या साहाय्याने, उच्च तापमानास व दाबाखाली, पाण्याच्या वाफेशी संयोग घडविला की एथिल अल्कोहोल मिळते. हेच अल्कोहोल संहत सल्फ्यूरिक अम्लासह सुमारे १७० अंश सेल्सियसला तापविले की पाणी निघून जाऊन एथिलीन परत मिळते. १४० अंशांच्या आसपास ईथर मिळतो. निर्जलीकरण व सजलीकरण या दोन विक्रिया नसून एकाच समतोलाची दोन टोके आहेत. द्वितीयक व तृतीयक अल्कोहोलांच्या बाबतीत तर दोन्ही दिशांना वाटेत लागणारा कार्बधन आयनही तोच असतो. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम व झायत्सेव्हचा नियम विद्यार्थी दोन वेगळ्या प्रकरणांत पाठ करतो. पहिल्यात त्या आयनाचे स्थैर्य आणि दुसऱ्यात त्याच आयनापासून बनणाऱ्या अल्कीनाचे स्थैर्य बोलत असते, हे त्याला क्वचितच सांगितले जाते.

तृतीयक अल्कोहोलांचे उदाहरण याहून बोलके आहे. प्राथमिक अल्कोहोलाचे ऑक्सिडीकरण केल्यास आल्डिहाइड व पुढे अम्ल मिळते, द्वितीयकाचे केल्यास कीटोन मिळते, आणि तृतीयक अल्कोहोल सौम्य परिस्थितीत ऑक्सिडीकारकाला दाद देत नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्याचे कारण असे की, हायड्रॉक्सिल गट धारण करणाऱ्या कार्बनावर हायड्रोजनच नसतो. काढून घेण्यासारखे काही उरलेले नसते. याच विधानाची दुसरी बाजू अशी की, कोणत्याही कार्बोनिल संयुगावर केवळ हायड्रोजन घालून तृतीयक अल्कोहोल कधीही मिळणार नाही. ते मिळवावयाचे तर नवा कार्बन-कार्बन बंध निर्माण करावा लागेल. म्हणूनच ग्रिन्यार विक्रियाकारकाचे महत्त्व. फॉर्माल्डिहाइडापासून प्राथमिक, अन्य आल्डिहाइडांपासून द्वितीयक आणि कीटोनांपासून तृतीयक अल्कोहोल तो देतो. व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीस १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. 'तृतीयक अल्कोहोलाचे ऑक्सिडीकरण होत नाही' हे एका यादीतले वाक्य आणि 'तृतीयक अल्कोहोल कीटोन व ग्रिन्यार विक्रियाकारक यांपासून करावे' हे दुसऱ्या यादीतले वाक्य ही एकाच सत्याची दोन रूपे आहेत. जो हे जाणतो त्याला दोनऐवजी एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते, आणि तीही तर्काने पुन्हा काढता येते. ई. जे. कोरी यांनी विकसित केलेली, लक्ष्य रेणूपासून मागे मागे जात कच्च्या मालापर्यंत पोहोचण्याची पद्धत (तिच्यासह त्यांच्या संश्लेषणविषयक कार्यास १९९० चे नोबेल पारितोषिक लाभले) याच विचाराचे प्रौढ रूप आहे.

किनाऱ्यावरील माडाचे दुसरे फळ, म्हणजे खोबरेल तेल, या संदर्भात उपयोगी पडेल. त्यातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मा भाग लॉरिक अम्लाचा असतो. ही अम्ले ग्लिसरॉल या तीन हायड्रॉक्सिल गटांच्या अल्कोहोलाशी एस्टररूपाने बांधलेली असतात. तेलाचे साबणीकरण केले की ग्लिसरॉल मोकळे होते. हीही अल्कोहोलाची निर्मितीच आहे, पण तीत कार्बनाची ऑक्सिडीकरण-पातळी बदलत नाही, केवळ बंध सुटतो. उलट, तेलापासून मिळविलेल्या मिथिल एस्टरांचे उच्च दाबाखाली, तांबेयुक्त उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनीकरण केले की लॉरिक अम्लाचा भाग दोन पायऱ्या खाली उतरून लॉरिल अल्कोहोल बनतो, आणि त्यापासून सोडियम लॉरिल सल्फेट हा सुपरिचित प्रक्षालक तयार होतो. एकाच तेलातून दोन अल्कोहोले मिळाली. परंतु एक आडव्या वाटेने आणि दुसरे उभ्या वाटेने. पाठ्यपुस्तकातील यादीत हा भेद दिसत नाही, कारण यादीला उभे-आडवे नसते.

येथे प्रस्तुत मांडणीवरील दोन आक्षेपांचा विचार करणे इष्ट होय. पहिला असा की, सर्व विक्रिया व्यवहारात उलटविता येत नाहीत. लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडाने एस्टराचे क्षपण होते म्हणून त्याच भांड्यात उलट ऑक्सिडीकरण घडविता येईल असे नाही. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच समतोलाने खरोखर उलटणाऱ्या विक्रिया (सजलीकरण, एस्टरीकरण) आणि केवळ पायऱ्यांच्या हिशेबाने परस्परांच्या उलट असणाऱ्या विक्रिया यांतील भेद विद्यार्थ्यास आरंभीच सांगितला पाहिजे. दुसरा आक्षेप असा की, 'मद्यार्क' हा शब्द सर्वसामान्य वाचकास चटकन कळतो. हेही खरे आहे, आणि म्हणून तो शब्द हद्दपार करण्याचे कारण नाही. एथिल अल्कोहोलाचे व्यावहारिक नाव म्हणून तो खुशाल राहावा. साखर कारखान्यांत मळीपासून काढतात तो मद्यार्कच होय. फक्त त्या शब्दाने संपूर्ण कुळावर हक्क सांगू नये.

या चिकित्सेतून निघणारी सूचना मर्यादित व आचरणात आणण्याजोगी आहे. वर्गासाठी सर्वत्र 'अल्कोहोले' हे अनेकवचनी रूप वापरावे. 'मद्यार्क' हा शब्द एथिल अल्कोहोलापुरता राखावा. आणि मिथिल अल्कोहोलास कोणत्याही परिस्थितीत मद्य या पदाने युक्त असे नाव देऊ नये. प्रकरणाच्या आरंभी हायड्रोकार्बन, अल्कोहोल, कार्बोनिल संयुग व अम्ल अशी पायऱ्यांची उभी मांडणी द्यावी. तिच्या शेजारी ईथर, एस्टर व हॅलाइड ही पातळी न बदलणारी आडवी मांडणी द्यावी. आणि प्रत्येक विक्रिया या आराखड्यात कोठून कोठे जाते हे दाखवून मगच तिची परिस्थिती व विक्रियाकारक सांगावेत. यासाठी नवे संशोधन लागत नाही, अभ्यासक्रमाचा एकही घटक वाढत नाही. उलट, पाठांतराचा भार निम्म्याने हलका होईल, आणि मालवण किनाऱ्यावरून आलेल्या विद्यार्थ्यास नीरा, माडी व शिरका यांच्याविषयीचे घरचे ज्ञान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही उपयोगी पडणारे आहे, याचा प्रत्यय येईल.